घरचिमणी आणि जोसेफोआर्टिगासिया

घरचिमणी (पॅसर डोमेस्टिकस) हा माणसाच्या वस्तीला धरून राहणारा सर्वपरिचित पक्षी. जोसेफोआर्टिगासिया मोनेसी हा दक्षिण अमेरिकेतील लुप्त कृंतक (उंदीर-घुशींसारखा कुरतडणारा सस्तन प्राणी) असून ज्ञात कृंतकांत तो सर्वांत मोठा मानला जातो. या दोहोंची तुलना वजनावरून करता येते. पैकी चिमणीचे वजन तराजूवर मोजलेले आहे : साधारण २४ ते ४० ग्रॅम. कृंतकाचे वजन मात्र मुख्यतः एका कवटीवरून काढलेले अनुमान आहे.

ही कवटी उरुग्वेतील सान होसे शैलसमूहातील असून तिचा काळ ढोबळमानाने ४० ते २० लाख वर्षांपूर्वीचा धरतात. लांबी ५३ सेंमी.; म्हणजे चोचीपासून शेपटीपर्यंत मोजलेल्या तीन चिमण्या तिच्याशेजारी ओळीने ठेवल्या, तरी कवटीच थोडी जास्त भरेल.

रिंडरक्नेख्त व ब्लांको या अभ्यासकांनी २००८ मध्ये जातीचे वर्णन करताना वजन सुमारे १,००० किग्रॅ. सांगितले, पण त्यांच्याच गणिताचा पल्ला ४६८ ते २,५८६ किग्रॅ. इतका सैल होता. त्याच वर्षी मिलिएन यांनी ते सुमारे ३५० किग्रॅ.पर्यंत खाली आणले. एंगेलमन यांनी २०२२ मध्ये कवटीच्या लांबीऐवजी, मानेचा पहिला मणका जिथे बसतो त्या सांध्याच्या उंचवट्यांची रुंदी घेतली आणि सुमारे ४८० किग्रॅ. हा आकडा दिला. डोके शरीराच्या मानाने मोठे असेल तर कवटीच्या लांबीवरून वजन फुगते, हे पाहता हा आकडा अधिक विश्वसनीय वाटतो. ३० ग्रॅमची चिमणी धरल्यास जुन्या अनुमानाने ३३,००० हून अधिक चिमण्या लागतात, नव्याने १६,०००. लोकप्रिय लेखनात अजून पहिलाच आकडा फिरतो.

वजन सोडल्यास तुलनेला खरा आधार तोंडात सापडतो. कृंतकांचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढतात. कठीण दंतवल्क (एनॅमल) पुढच्या बाजूला असल्याने मागची बाजू आधी झिजते आणि दाताला आपोआप धार येते. चिमणीला दात नाहीत, पण चोचीवरचे केराटिनचे (नखे ज्याची बनतात त्या प्रथिनाचे) आवरणही सतत वाढते व झिजते. पक्षी व सस्तन यांच्या वंशरेषा ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्याने हे साम्य नात्याचे नव्हे. मोनेसीच्या पटाशीच्या दातांच्या चाव्याचे बल २०१५ च्या संगणकीय प्रतिमानात सुमारे १,४०० न्यूटन निघाले. हत्ती सुळ्यांनी उकरतो तसा तो दातांनी जमीन उकरत असावा, असा त्या अभ्यासकांचा तर्क आहे.

त्याच्या कुळातील हयात जात एकच, पाकाराना. तिचे वजन १० ते १५ किग्रॅ. असते.