तैहोकूच्या आधीचे सुभाषबाबू

सुभाषबाबू विमान अपघातात गेले, असं जपानने २३ ऑगस्ट १९४५ रोजी जाहीर केलं तेव्हा भारतात कित्येकांनी ते मानलंच नाही. त्या लोकांना भाबडं म्हणणं अन्यायाचं आहे. मार्च १९४२ मध्येही नेमकी अशीच बातमी आली होती. गांधीजींनी सुभाषबाबूंच्या आईला सांत्वनाची तार केली आणि बातमी खोटी निघाली.

त्याआधी जानेवारी १९४१. कोलकात्यात एल्गिन रोडवरच्या घरात ते नजरकैदेत होते, बाहेर पोलिसांचा पहारा. एकांतवास घेतोय असं सांगून त्यांनी दाढी वाढवली आणि १६ जानेवारीच्या मध्यरात्रीनंतर मुहम्मद झियाउद्दीन बनून घर सोडलं. पुतण्या शिशिरने वाँडरर गाडीतून गोमोह रेल्वे स्टेशनपर्यंत पोहोचवलं. इकडे त्यांच्या खोलीत जेवणाची ताटं जातच राहिली. बरेच दिवस कुणाला पत्ता लागला नाही. पुढे पेशावर, काबूल, इटालियन पासपोर्टवर मॉस्कोमार्गे बर्लिन. १९४३ मध्ये जर्मन पाणबुडीतून निघून मादागास्करजवळ भर समुद्रात ते जपानी पाणबुडीत चढले. अशा माणसाच्या मरणावर लोक सहज विश्वास ठेवतील कसे?

१८ ऑगस्ट १९४५ ला तैहोकूहून, म्हणजे आजच्या तैपेईहून, उडताच विमान कोसळलं. सोबत एकच भारतीय सहकारी होते, हबीबुर रहमान. बाकीच्यांना सायगावलाच थांबावं लागलं. आपल्या बाजूचा साक्षीदार एकच, इथून शंकेला जागा मिळाली. रहमान आणि उपचार करणाऱ्या जपानी डॉक्टरांच्या साक्षी एकत्र वाचल्या, तर मला अपघातच पटतो.

मृत्यूच्या चौकशीसाठी सरकारने नेमलेली १९५६ ची शाहनवाज समिती आणि पुढे खोसला आयोग याच निष्कर्षाला आले. समितीतले नेताजींचे बंधू सुरेशचंद्र मात्र असहमत राहिले. मुखर्जी आयोगाने अपघात नाकारला, तर २००६ मध्ये सरकारने तो निष्कर्षच नाकारला. पण माझ्या मते संशय सर्वांत जास्त वाढवला तो सरकारी गुप्ततेने. स्वातंत्र्यानंतरही बोस कुटुंबावर वर्षानुवर्षं पाळत होती, हे २०१५ मध्ये उघड झालं. केंद्राने नेताजींविषयीच्या पहिल्या १०० फायली खुल्या केल्या त्या २३ जानेवारी २०१६ ला, म्हणजे सत्तर वर्षांनी.

टोकियोच्या रेंकोजी मंदिरातल्या, नेताजींच्या मानल्या जाणाऱ्या अस्थींची डीएनए चाचणी व्हावी, त्या मायदेशी याव्यात, असं त्यांच्या कन्या अनिता फाफ सांगत आल्या आहेत. ते आता तरी करावं.