मेडोस्वीट: अ‍ॅस्पिरिनच्या नावात लपलेली वनस्पती

युरोपातल्या ओलसर कुरणांत आणि ओढ्याकाठी उन्हाळ्यात मेडोस्वीटचे दाट, पांढरट तुरे फुलतात. फुलांना बदामासारखा गोड वास येतो, पण पान चुरडले तर दुखण्यावर चोळायच्या मलमाचा वास येतो. तो मिथिल सॅलिसिलेटचा.

1830च्या दशकात या फुलांतून सॅलिसिलाल्डिहाइड हे अ‍ॅस्पिरिनच्या जवळचे रसायन वेगळे केले गेले. तेव्हा वनस्पतीचे शास्त्रीय नाव ‘स्पायरिया उल्मारिया’ होते (आता फिलिपेंड्युला उल्मारिया). 1899 मध्ये बायर कंपनीने अ‍ॅसिटिल या अणुगटाच्या नावातला ‘अ’ आणि स्पायरियातला ‘स्पिर’ जोडून अ‍ॅस्पिरिन हे नाव घेतले.

पण त्यावरून मेडोस्वीटला ‘नैसर्गिक अ‍ॅस्पिरिन’ म्हणणे चूक आहे. रक्त गोठायला मदत करणाऱ्या बिंबाणूंना कायमचे निकामी करतो तो औषधातला अ‍ॅसिटिल गट, आणि तो या फुलांत नसतो. त्यामुळे हृदयविकारासाठी दिलेल्या अ‍ॅस्पिरिनच्या जागी या फुलांचा काढा कधीही घेऊ नये. परंपरेने तो सर्दीत घाम आणण्यासाठी आणि सांध्यांच्या किरकोळ दुखण्यावर घेतात. पोटाच्या तक्रारींवरही तो देत. फुलांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते.

प्रौढांना दिवसाला 2.5 ते 3.5 ग्रॅम वाळलेली फुले पुरतात. ती दोन भागांत वाटून, प्रत्येक भागावर 150 मिली उकळते पाणी ओतावे आणि 10 मिनिटे झाकून ठेवावे. भांड्यात उकळत ठेवले तर सुगंधी द्रव्ये वाफेबरोबर उडून जातात. झाकण न ठेवल्यानेही तेच होते. फुले सावलीतच वाळवावीत.

अ‍ॅस्पिरिन नसले तरी त्याच कुळातली रसायने, म्हणजे सॅलिसिलेट, यात आहेतच, हे सर्वांत महत्त्वाचे. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी आणि त्याने दमा उसळणाऱ्यांनी हे टाळावे. वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, पोटात व्रण असेल, गर्भारपण किंवा स्तनपान असेल, तर स्वतःहून घेऊ नये. 18 वर्षांखालच्यांना देऊ नये. तापातल्या मुलांत अ‍ॅस्पिरिनचा संबंध राय सिंड्रोम या जीवघेण्या आजाराशी आढळला आहे, म्हणून इथेही धोका पत्करू नये. सांधा सुजून लाल झाला आणि ताप आला, तर काढा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे.

रानातून गोळा करणाऱ्यांची खरी परीक्षा वेगळीच. तशाच ओल्या जागी हेमलॉक वॉटर-ड्रॉपवर्ट उगवते आणि ते अत्यंत विषारी असते. त्याच्या फुलांचे देठ छत्रीच्या काड्यांसारखे एकाच बिंदूतून निघतात; मेडोस्वीटचा तुरा विस्कटलेला, फेसाळ दिसतो. मेडोस्वीटच्या पानात मोठ्या दातेरी पर्णिकांच्या (पानाच्या छोट्या भागांच्या) जोड्यांमध्ये इवल्या पर्णिका असतात. त्या दिसल्या नाहीत तर झाड तिथेच सोडावे.