ऑक्सिटोसिन हे ‘प्रेमाचं हार्मोन’ नव्हे

‘मिठी मारा, ऑक्सिटोसिन वाढेल आणि प्रेमही’, असे मेसेज वर्षानुवर्षं फिरतायत. इतकं सोपं ते नाही.

ऑक्सिटोसिन हे ९ अमिनो आम्लांचं छोटंसं न्यूरोपेप्टाइड, म्हणजे चेतापेशींचा प्रथिनासारखा संदेशवाहक रेणू. ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात तयार होतं. त्यातलं काही मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीवाटे रक्तात उतरतं. बाळंतपणात कळांना जोर येतो, आईला पान्हा फुटतो, तो त्यामुळे. पण रक्तातलं ऑक्सिटोसिन मेंदूत सहजासहजी परत शिरत नाही.

मेंदूतला कारभार निराळा. तिथे ते चेतापेशीच्या टोकातूनच नाही, तर तिच्या मुख्य भागातूनही स्रवतं, आसपास पसरतं आणि बराच वेळ टिकतं. ज्या पेशींवर त्याचे रिसेप्टर (त्याला ओळखणारे रेणू) असतील, त्यांनाच ते कळतं. तिथेही ऑक्सिटोसिन स्वतः भावना घडवत नाही. इतर संदेशांचा जोर कमी-जास्त करतं. म्हणूनच काही प्रयोगांत त्याने विश्वास नव्हे, हेवा वाढलेला दिसला.

सर्वांत बोलका पुरावा प्रेरी व्होलचा. हा अमेरिकेतला उंदरासारखा प्राणी आयुष्यभराची जोडी जमवतो, आणि ‘प्रेमाचं हार्मोन’ ही कल्पना बरीचशी त्याच्यावरच उभी आहे. २०२३ साली ऑक्सिटोसिनचा रिसेप्टर जन्मतःच नसलेले व्होल अभ्यासले गेले. त्यांनीही जोड्या जमवल्याच.