भंगारातून आलेला फिल्टर

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याला पितळेचे पाच रॉड कापायला दिले की तो विचारतो, "कशात बसणार?" रेडिओच्या फिल्टरमध्ये म्हटलं, तरी त्याला पाण्याचा फिल्टर वाटतो. फार चुकत नाही तो. आपणही नको ते गाळायलाच निघालेलो असतो.

10 गिगाहर्ट्झवर बोलणारा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, सहसा 144 मेगाहर्ट्झचा सेट ट्रान्सव्हर्टरने, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या जोडयंत्राने, वर चढवतो. त्यातल्या ऑसिलेटरच्या 10224 मेगाहर्ट्झमध्ये 144 मिळवले की हवे ते 10368 मिळतात. पण सोबत वजाबाकीतून येणारी 10080 ची प्रतिमा आणि खुद्द 10224 ही गळत येतात. ही गळती थोपवायची म्हणून फिल्टर.

कॉइल-कपॅसिटरचे फिल्टर 1915 च्या सुमारास अमेरिकेत कॅम्पबेल आणि जर्मनीत वाग्नर यांनी टेलिफोनसाठी मांडले. मायक्रोवेव्हला, म्हणजे गिगाहर्ट्झच्या लहरींना, ती कॉइल कामाची नाही; तिथे धातूची पोकळीच कॉइल होते. 1930 च्या दशकात बेल लॅब्जमध्ये साउथवर्थने पोकळ नळीतून, म्हणजे वेव्हगाइडमधून, लहरी नेल्या, मग युद्धकाळातल्या रडारने या कामाला वेग दिला. 1957 मध्ये कोन नावाच्या अभियंत्याने एकमेकांना जोडलेल्या पोकळ्यांचं गणित सोपं केलं. 1962 मध्ये मथाईने इंटरडिजिटल रचनेची पद्धत दिली: दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे रॉड.

हौशींच्या हाती हे सगळं आलं ते भंगारातून. टेलिफोनच्या मायक्रोवेव्ह लिंक उतरल्या, फायबर आलं आणि 10.7 ते 11.7 गिगाहर्ट्झचे वेव्हगाइड फिल्टर किलोच्या भावात निघाले. कारखान्याने स्क्रूवर लावलेला लाल लाखेचा ठिपका फोडायचा, चेकनट सैल करायचा, लांब स्क्रू घालून आत फिरवायचा. स्क्रू जितका आत, तितकी फ्रिक्वेन्सी खाली. म्हणूनच 11 चा फिल्टर 10.368 वर आणता येतो, 9 चा चढवणं मात्र जिकिरीचं. आतली चांदी खाडीच्या हवेने काळी पडलेली दिसली तर पॉलिशने घासू नका. त्या काळपटपणापेक्षा चांदी निघून जाणं जास्त महागात पडतं.

भंगार नसेल तर प्लंबिंगचं दुकान. तांब्याच्या पाइपाची टोपी पालथी घालून मध्ये स्क्रू बसवला की एक पोकळी तयार: पाऊण इंची टोपी 5760 मेगाहर्ट्झला, अर्धा इंची 10368 ला. ठाण्यात नळाचं काम सगळं प्लास्टिकवर गेलंय, त्यामुळे टोपी एसीवाल्यांकडे शोधावी लागते.

2018 च्या नोव्हेंबरमध्ये एस्हेल-2 उपग्रह गेला; त्यावरचा हौशींसाठीचा रेडिओ 2400 मेगाहर्ट्झवर ऐकतो, म्हणून तेव्हापासून ओढा तिकडे आहे. ठाण्याच्या गच्चीवरून तो नैऋत्य-पश्चिमेला, क्षितिजापासून साधारण 33 अंशांवर सापडतो. 432 चा सेट वर चढवायचा तर ऑसिलेटर 1968 वर येतो, आणि 1920 ते 1980 हा मोबाइल हँडसेटचा टॉवरकडे जाणारा पट्टा आहे. गळती झाली की आपला आवाज समोरच्या सोसायटीवरच्या टॉवरच्या कानात.

म्हणून ते पाच रॉड. 2400 ला पाव तरंगलांबी 31 मिलिमीटर भरते. लेथवाल्याला मी त्याहून आखूडच कापायला सांगतो. उरलेलं स्क्रू बघून घेतो.