आचारसंहितेची हद्द: वाद कुठून सुरू झाला

ओपन सोर्स प्रकल्पांच्या, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो आणि ज्यात कुणीही हातभार लावू शकतो अशा सॉफ्टवेअर प्रकल्पांच्या, आचारसंहितांवरून जे मोठे वाद पेटले, त्यांत धमक्या किंवा लैंगिक शेरेबाजी चालू द्यावी असं म्हणणारे फारसे कुणी नव्हते. भांडण व्हायचं ते दुसऱ्याच मुद्द्यावर. प्रकल्पात नीट वागणारा माणूस स्वतःच्या खात्यावरून, भलत्याच ठिकाणी काहीतरी लिहितो. त्याचा जाब प्रकल्पानं विचारायचा का?

सुरुवातीच्या संहितांपुढे हा प्रश्न आलाच नव्हता. उबुंटू या लिनक्सवर आधारलेल्या संगणकप्रणालीची संहिता सल्लेवजा होती: इतरांचा विचार करा, अडलं तर विचारा, काम सोडताना ते नीट सोपवून जा. शिक्षेची कलमं आणि तक्रारीची यंत्रणा खऱ्या अर्थानं आली ती तंत्रज्ञान-परिषदांमधून. तिथं छळाचे प्रकार वारंवार घडत होते. २०११मध्ये स्थापन झालेल्या एडा इनिशिएटिव्ह या संस्थेनं परिषदांनी छळविरोधी धोरण स्वीकारावं यासाठी मोहीम चालवली, आणि २०१२मध्ये पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा कारभार पाहणाऱ्या पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशननं संहिता नसलेल्या परिषदांना पैसे न देण्याचं ठरवलं. परिषदेला सभागृह असतं, तारखा असतात. नियम कुठं लागू होतो हे वेगळं सांगावं लागत नाही. तोच साचा पुढे प्रकल्पांनी उचलला. प्रकल्पाला मात्र ना भिंती, ना शेवटचा दिवस.

वेबसाइटी बांधण्याचं साधन असलेल्या जँगो या प्रकल्पानं २०१३मध्ये हे ओळखून सरळ लिहून टाकलं की, आमच्या जागांबाहेर केलेल्या उल्लंघनाचा परिणाम आमच्या इथल्या सहभागावर होऊ शकतो. कुणाला हे कलम आवडो न आवडो, ते निदान आधी सांगून ठेवलेलं होतं. २०१४मध्ये कोरलाइन एडा एमकी यांनी लिहिलेलं ‘काँट्रिब्यूटर कव्हनंट’ ही कुणालाही वापरता येणारी तयार संहिता आली आणि हजारो रिपॉझिटरींमध्ये (प्रकल्पांच्या कोडच्या साठ्यांमध्ये) जशीच्या तशी चिकटवली गेली. तिच्या पुढच्या आवृत्त्यांत आखलेली हद्द अशी: प्रकल्पाच्या जागा, आणि बाहेर माणूस प्रकल्पाचं प्रतिनिधित्व करत असेल तेव्हा. ऐकायला नेमकं, पण ज्याच्या प्रोफाइलवर प्रकल्पाचं नाव आहे तो मेंटेनर, म्हणजे प्रकल्पाची देखभाल करणारा विकासक, रात्री राजकारणावर लिहितो तेव्हा तो प्रतिनिधी असतो का?

२०१५मध्ये रुबी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या जगातल्या ‘ओपल’ प्रकल्पात नेमका हाच पेच पडला. एका मेंटेनरनं स्वतःच्या ट्विटर खात्यावर ट्रान्स व्यक्तींबद्दल मतं मांडली आणि त्याला काढा अशी मागणी थेट प्रकल्पाच्या इश्यूंमध्ये (तक्रारी आणि सूचनांच्या जाहीर यादीत) नोंदवली गेली. आम्ही कोड पाहतो, असं एका बाजूचं म्हणणं. ज्याला आपलं अस्तित्वच मान्य नाही त्याच्याकडे पॅच (कोडमधला बदल) कसा पाठवायचा, असं दुसऱ्या बाजूचं. मेंटेनर राहिला, आणि प्रकल्पात पुढे संहिताही आली. माझ्या मते दुसऱ्या बाजूचा प्रश्न तेव्हा हवेत उडवला गेला, आणि पहिल्या बाजूची भीती २०१७मध्ये ड्रुपल या वेबसाइटींसाठीच्या सॉफ्टवेअर-प्रकल्पानं खरी करून दाखवली. तिथं एका जुन्या योगदानकर्त्याचं खासगी, संमतीचं आयुष्य इतरांनी उकरून काढलं आणि संस्थापकानं त्याला जायला सांगितलं. निर्णयामागे गोपनीय माहितीही आहे, असं प्रकल्पाचं म्हणणं होतं. बाहेरचं वर्तन आणि बंद दाराआडचा पुरावा एकत्र आले की निर्णय बरोबर असला तरी तो कुणाला पटवून देता येत नाही.

लिनक्स कर्नलनं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या प्रकल्पानं, सप्टेंबर २०१८मध्ये कव्हनंट घेतलं, त्याच वेळी त्याचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच्या वागण्याबद्दल माफी मागून काही काळ रजा घेतली. गाजली ती रजा. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढच्याच महिन्यात जोडलेलं स्पष्टीकरण. कर्नलच्या ईमेल-याद्यांवर पाठवलेलं सगळं संहितेत येतं. कर्नल डॉट ऑर्गच्या पत्त्यावरून केलेलंही येतं. इतरत्र त्या-त्या ठिकाणचे नियम, संहिता साधारणपणे नाही. अगदीच गंभीर परिस्थितीत अपवादाचा विचार होईल. ‘प्रतिनिधित्व’ या निसरड्या कल्पनेऐवजी त्यांनी पत्ता धरला, आणि पत्ता तपासता येतो.

२०१९च्या दुसऱ्या आवृत्तीत कव्हनंटनंही प्रतिनिधित्व ‘अधिकृत’ असावं अशी अट घातली. म्हणजे हद्द आखडली. पण त्याच आवृत्तीतल्या शिक्षांच्या पायऱ्यांमध्ये, ताकीद मिळालेल्यानं संबंधितांशी समाजमाध्यमांवरही संपर्क टाळावा असं आलं. हे मला योग्य वाटतं. कुणाची मतं काय आहेत हे तपासत बसण्यापेक्षा, प्रकल्पातल्याच माणसाचा बाहेर पाठलाग होत असेल तर तो थांबवणं जास्त निकडीचं आहे.

तरी गुंता सुटलेला नाही. २०२४मध्ये फ्रीडेस्कटॉप डॉट ऑर्ग या, लिनक्सच्या डेस्कटॉपसाठीच्या प्रकल्पांना जागा देणाऱ्या संस्थेच्या संहिता-समितीनं ‘हायपरलँड’ या लिनक्सवरच्या खिडक्या हाताळणाऱ्या प्रोग्रॅमच्या मुख्य विकासकावर बंदी घातली. तक्रारीचं मूळ हायपरलँडच्या स्वतःच्या डिस्कॉर्ड या गप्पांच्या मंचावरच्या वातावरणात होतं, म्हणजे दुसऱ्याच समुदायाच्या जागेत. आणि फ्रीडेस्कटॉप म्हणजे काही एकच प्रकल्प नव्हे. पडद्यावर चित्र उमटवण्याशी संबंधित वेलँड आणि मेसा, आणि हायपरलँड तेव्हा ज्यावर उभं होतं ते डब्ल्यूएलरूट्स, अशा अनेक प्रकल्पांचा कोड तिथल्या सर्व्हरवर राहतो. बंदी आली की या सगळ्यांकडे पॅच पाठवण्याची वाट एकदम बंद होते, त्या प्रकल्पांच्या मेंटेनरांचं त्यावर मत काहीही असलं तरी.