पाच सेकंदांवरची गाडी

आमची लेक सातवीत आहे. शाळा घरापासून 3 किलोमीटर. सायकल आहे, चाकांत हवा आहे, कुलूपही दणकट आहे. तरी रोज पावणेसातला मी तिला स्कूटरवर मागे बसवून सोडायला निघतो. शाळेच्या फाटकाशी माझ्यासारख्याच पालकांची ही गर्दी. कुणी डबा राहिला म्हणून परत वळतंय, कुणी फूटपाथवरून गाडी काढतंय. पोरांना सायकलने का पाठवत नाही, असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच: अहो, रस्त्यावर गाड्या किती! त्यातली एक आपलीच, हे कुणाच्या हिशेबात नसतं. आणि हे पुण्यात, जे एकेकाळी सायकलींचं शहर म्हणून मिरवायचं.

एरवी 3 किलोमीटर सायकलला काहीच नाहीत. चालताना आपण पावलागणिक अख्खं धड किंचित वर उचलतो आणि खाली आणतो, त्यात बरीच ऊर्जा वाया जाते. सायकलवर वजन सीट पेलते, पायांनी फक्त रेटायचं. म्हणून सपाट रस्त्यावर तेवढ्याच अंतराला चालण्याच्या साधारण एक पंचमांश ऊर्जा पुरते. एका रविवारी लेकीच्या सायकलचे दात मोजले. पेडलपाशी असलेल्या चेनव्हीलला 44, मागच्या चाकावरच्या फ्रीव्हीलला 18. पेडलच्या एका फेरीत मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. 26 इंची चाकाचा घेर धरला तर सायकल 5 मीटर पुढे जाते. म्हणजे शाळेपर्यंत 600 फेऱ्या. मिनिटाला 50 मारल्या तर 12 मिनिटं, आणि दप्तर पाठीऐवजी कॅरियरवर. सिग्नलला थांबत थांबत मला स्कूटरवर 11 लागतात.

जिथे अंतर हीच अडचण असते तिथे सायकल काय करते, ते बिहारमध्ये दिसलं. तिथल्या सरकारने 2006 मध्ये नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर त्याचा हिशेब मांडला. आधी किती मुली होत्या, नंतर किती झाल्या, एवढं पाहून भागत नाही. मधल्या काळात रस्ते झाले असतील, चार पैसे हाती आले असतील, मुली तशाही शाळेत गेल्या असत्या. म्हणून त्यांनी बिहारच्या मुलींची तुलना तिथल्याच मुलांशी केली, आणि तो फरक शेजारच्या झारखंडमधल्या मुलामुलींच्या फरकाशी ताडून पाहिला. दोनदा चाळून उरलं ते असं: योग्य वयात माध्यमिक शाळेत असलेल्या मुलींचं प्रमाण 32 टक्क्यांनी वाढलं, मुलामुलींमधली दरी 40 टक्क्यांनी कमी झाली. मला त्यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती वेगळीच. ही वाढ मुख्यतः शाळा लांब असलेल्या गावांत झाली. म्हणजे फुकट वस्तू मिळाल्याचा हा परिणाम नव्हता. सायकलने खरोखर वाट लहान केली होती. आपल्याकडेही राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, त्यामागे हाच विचार आहे.

शहरात मात्र वाट आधीच लहान आहे. इथे अडतं ते गाड्यांच्या वेगापाशी. त्यावर आपला ठरलेला उपाय म्हणजे पोराला बजावणं, ‘दोन्हीकडे नीट बघ.’ पण बघून कळतं का?

सरळ आपल्या दिशेने येणारी गाडी डोळ्याला सरकताना दिसत नाही. ती मोठी होताना दिसते, आणि ती किती झपाट्याने मोठी होते त्यावरून मेंदू ‘आली!’ म्हणतो. आता समजा, सारख्याच आकाराच्या दोन गाड्या आपल्यापासून बरोबर पाच सेकंदांवर आहेत. ताशी 20 किलोमीटरने येणारी 28 मीटरवर असेल, ताशी 60 ने येणारी 83 मीटरवर. गणित केलं तर त्या क्षणी लांबची, वेगवान गाडी हळू गाडीच्या एक तृतीयांश दरानेच मोठी होत असते. जी जास्त धोक्याची, तीच जागच्या जागी उभी असल्यासारखी वाटते. इंग्लंडमधल्या रॉयल हॉलोवे विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची याबाबत चाचणी घेतली. ताशी 20 मैलांहून, म्हणजे सुमारे 32 किलोमीटरहून, वेगाने येणारी गाडी जवळ येतेय हे मुलांना कदाचित कळतच नाही, असं त्यांना आढळलं. ही जाण वयाबरोबर वाढते.

तो प्रश्न पायी रस्ता ओलांडण्याचा होता. सायकलवरच्या मुलाला तर उजवीकडे वळताना मान मागे करून, हँडल सांभाळत, हाच अंदाज घ्यायचा असतो. त्यामुळे ‘लक्ष देत नाहीस’ म्हणून त्याला रागावण्यात अर्थ नाही. शाळेच्या आसपास वेग ताशी 30 च्या आत आणायला हवा, पाटी लावून नव्हे, गतिरोधक आणि अरुंद वळणांनी. नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवर 3000 हून जास्त माणसं मेली, त्यांत 400 हून अधिक मुलं होती. तिथले पालक रस्त्यावर उतरले ते मुलांना शिस्त लावा म्हणून नाही, गाड्यांना आवरा म्हणून.

तोवर एक उपाय आपल्या हातात आहे: घोळका. संशोधक पीटर जेकबसेन यांनी 2003 मध्ये अनेक ठिकाणची आकडेवारी तपासली. सायकली दुप्पट झाल्या की दर सायकलस्वारामागचा धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो, असं त्यांना दिसलं. (रस्ता सुरक्षित म्हणून सायकली वाढल्या, असंही असू शकतं, दोन्ही थोडं थोडं खरं असावं.) गाडीवाल्याच्या नजरेला जे रोज दिसतं ते ती आधी टिपते.

मागच्या शनिवारी आमच्या सोसायटीतली पाच मुलं सायकलने गेली. पुढे शेजारच्या काकू, शेवटी मी. चौकात लेकीने मागे वळून हात दाखवला, तशी सगळी थांबली. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, मग पाच दप्तरं पाहून गप्प राहिला. 12 मिनिटांऐवजी 19 लागली. शाळेत पोचलो तर सायकली लावायला जागा नव्हती. सायकल स्टँडमध्ये स्कूटर उभ्या होत्या.