चौघांचं तिकीट एकदम शोधलं की भाव का चढतो

विमान तेच, रांग तीच, तरी शेजारी बसलेल्या दोघांनी मोजलेले पैसे वेगळे, हे भारतात तसं अलीकडचं आहे. १९५३च्या कायद्याने देशातल्या विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि देशांतर्गत उड्डाणं इंडियन एअरलाइन्सकडे गेली. त्या काळात मुंबई-दिल्लीचं भाडं ठरलेलं असायचं. महिनाभर आधी काढा नाही तर आदल्या दिवशी, दर तोच. विद्यार्थी, ज्येष्ठ नागरिक, लहान मुलं यांना सवलत मिळे. भाडं परवडणारं नव्हतं, पण हिशोब सोपा होता: माणसं गुणिले दर.

हिशोब बदलला तो अमेरिकेत. १९७७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने लवकर काढलेल्या तिकिटांना मोठी सूट देणारं भाडं आणलं आणि १९७८ मध्ये तिथलं भाडेनियंत्रण कायद्याने उठलं. विमान उडालं की रिकामी खुर्ची कायमची वाया जाते, म्हणून काही खुर्च्या लवकर येणाऱ्यांना स्वस्तात द्यायच्या आणि ऐनवेळी येणाऱ्या, कामानिमित्त फिरणाऱ्या माणसासाठी काही महाग राखून ठेवायच्या, हे त्यामागचं गणित. किती खुर्च्या कोणत्या भावाला खुल्या ठेवायच्या हे संगणक ठरवू लागला. आजही जगभर हीच पद्धत चालते.

भारतात राष्ट्रीयीकरणाचा कायदा १९९४ मध्ये रद्द झाला. खासगी कंपन्या त्याआधीच हवाई टॅक्सीच्या परवान्यावर उडू लागल्या होत्या. तिकीट सामान्य घरापर्यंत पोचलं ते मात्र २००३ मध्ये, कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनमुळे. जेवण नाही, फुकट काही नाही, विक्री इंटरनेट आणि फोनवर, आणि लवकर काढणाऱ्याला एक रुपयाचंसुद्धा तिकीट. त्या एक रुपयात कर धरलेले नसत आणि अशा खुर्च्याही मोजक्याच असत. पण ‘जितकं लवकर तितकं स्वस्त’ ही सवय देशाला लागली ती तिथून. पाठोपाठ २००५ मध्ये स्पाइसजेट, २००६ मध्ये इंडिगो आली.

कुटुंबाची अडचण याच पद्धतीत दडलेली आहे. एका विमानातल्या इकॉनॉमीच्या खुर्च्या अनेक भावांच्या पायऱ्यांवर वाटलेल्या असतात. तुम्ही चार प्रवासी निवडले आणि सर्वांत खालच्या पायरीवर तीनच खुर्च्या उरल्या असतील, तर बहुतेक यंत्रणा तीन खालच्या आणि एक वरची असा भाव लावत नाहीत. चारही तिकिटं वरच्या पायरीवर जातात. समजा पुणे-दिल्लीला खालची पायरी ४,८०० रुपये आणि पुढची ५,९०० रुपये आहे. चौघांचे एकदम २३,६०० होतात. तीन आणि एक असे वेगळे काढले तर २०,३००. फरक ३,३०० रुपयांचा. म्हणून आधी एका प्रवाशाचा भाव पाहावा, मग दोघांचा, मग सगळ्यांचा. भाव कुठे उडी मारतो ते लगेच कळतं.

मात्र तोडून काढताना मूल कधीही एकटं वेगळ्या पीएनआरवर, म्हणजे वेगळ्या बुकिंग क्रमांकावर ठेवू नका. एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, कंपन्यांना सांगितलं की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या निदान एका पालकाशेजारी जागा द्यावी. पीएनआर वेगळा झाला की हे संरक्षण गेलं. शिवाय उड्डाण रद्द झालं तर दोन पीएनआरची माणसं दोन वेगवेगळ्या विमानांत बसवली जाऊ शकतात. फरक दोन-तीनशेचा असेल तर तोडण्यात अर्थ नाही. वेगळं काढायचंच तर एकट्याने जाऊ शकेल असा मोठा माणूस वेगळा काढावा. एका पीएनआरवर साधारणपणे नऊच प्रवासी बसतात. लग्नाची किंवा देवदर्शनाची मंडळी दहाच्या वर असतील तर कंपनीकडे ग्रुपचा भाव मागावा, पण तो नेहमी स्वस्तच असतो असं नाही.

मुलांची सवलत कमी झाली तीही स्वस्त कंपन्यांच्या काळात. पूर्ण सेवेच्या कंपन्या आंतरराष्ट्रीय प्रवासात दोन ते बारा वर्षांच्या मुलाला अजूनही अनेकदा सूट देतात. स्वस्त कंपन्यांत देशांतर्गत प्रवासाला मुलाचं भाडं मोठ्याइतकंच. दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर, ठरावीक शुल्कात; पण परतीच्या दिवसाआधी त्याला दोन वर्षं पूर्ण होत असतील तर परतीला खुर्ची घ्यावीच लागते. जन्मतारखेचा पुरावा जवळ हवा.

२०१३ मध्ये सरकारने सीट निवडणं, जेवण, जादा सामान यांचे पैसे वेगळे घ्यायला परवानगी दिली आणि १५ किलो सामानाचा प्रघात पडला. तेव्हापासून शोधताना पडद्यावर दिसणारा भाव आणि कुटुंब प्रत्यक्ष भरतं ती रक्कम यांतलं अंतर वाढलं. कन्व्हिनियन्स फी, म्हणजे ऑनलाइन तिकीट काढण्याचं शुल्क, बहुधा माणशी आणि दर फेरीला लागते, म्हणजे चौघांच्या जाण्यायेण्याला ती आठदा मोजली जाऊ शकते. तुलना करायची ती शेवटच्या, पैसे भरायच्या पानावर. जादा सामान आधीच घेतलं तर विमानतळावरच्या दरापेक्षा स्वस्त पडतं.

कंपनीने भाडं स्वतः ठरवायचं, हा सरकारचा एरवीचा पवित्रा. त्याला अपवाद झाले, त्यांतले दोन मोठे असे. लहान शहरं विमानाने जोडणाऱ्या सरकारी उडान योजनेत तासाभराच्या उड्डाणाला काही खुर्च्यांवर २,५०० रुपयांची मर्यादा आली. एप्रिल २०१७ मध्ये नांदेड-हैदराबाद या योजनेच्या पहिल्या मार्गांपैकी एक होता. या खुर्च्या मर्यादित असतात, गेल्या की उरलेल्यांचा भाव बाजाराचा. दुसरा अपवाद करोनाचा: २५ मे २०२० पासून किमान आणि कमाल भाडं ठरवलं गेलं, दिल्ली-मुंबईला ३,५०० ते १०,०००. ही चौकट ३१ ऑगस्ट २०२२ ला उठली. भाव चढण्याचं आणखी एक कारण म्हणजे बंद पडलेल्या कंपन्या. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट २०१९ मध्ये थांबली होती. २०२३ मध्ये गो फर्स्टही थांबली. कंपनी बंद पडली की त्या मार्गावरच्या खुर्च्या कमी होतात आणि मे महिना, दिवाळी यांचे भाव आणखी चढतात.

गोव्याला जाताना आता आणखी एक तुलना करावी लागते. जानेवारी २०२३ पासून उत्तर गोव्यातल्या मोपा या नव्या विमानतळावरून प्रवासी उड्डाणं सुरू आहेत. मोपाचं तिकीट स्वस्त दिसलं तरी मुक्काम दक्षिणेला काणकोण-पाळोळ्याकडे असेल तर टॅक्सीचं भाडं धरून दाबोळीच्या जुन्या विमानतळाशी ताडून पाहा. उत्तरेला पेडणे, हरमलकडे जाणाऱ्यांना मात्र मोपाच सोयीचं.

आणि तिकीट रद्द करावं लागलं, तर ते नॉन-रिफंडेबल असलं तरी विमानतळाचे कर आणि शुल्कं परत मिळतात. चौघांचे मिळून ते हजारांत जाऊ शकतात. ते मागावेत.